शनिवारचा तास पुन्हा सुरू करा
नागपुरातील महाविद्यालयांच्या संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव, व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि प्राचार्य महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सत्राच्या शेवटी आपल्या शहरातल्या एका महाविद्यालयाच्या सूचना फलकावर एक परिपत्रक लागलं. आवारात धर्म, जात, पंथ किंवा तत्सम 'संवेदनशील' विषयांवर कुठलीही बैठक वा चर्चा घेऊ नये, घेतल्यास संबंधितांवर कारवाई होईल, असा त्याचा आशय. त्या एका कागदानं आमचा शनिवारचा तास बंद पडला. मी तिथे तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इतर महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांशी बोलले तेव्हा कळलं की त्यांच्याकडे असा कागद लागलेला नाही, पण नियम तोच आहे. तो तोंडी सांगितला जातो, इतकंच. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

हा तास काय होता ते आधी सांगते, कारण तो बंद करण्यापूर्वी कुणी येऊन पाहिला नाही. शनिवारी तासिका संपल्या की वाचनालयाशेजारच्या खोलीत पंधरा-वीस मुलंमुली बसायची. सक्ती नव्हती, हजेरी नव्हती, गुण नव्हते. एकमेकांच्या घरी काय मानतात, काय पाळतात, काय खात नाहीत, कशानं मन दुखावतं, हे विचारायचं आणि ऐकून घ्यायचं. नियम मुलांनीच ठरवले होते आणि फळ्याच्या कडेला लिहून ठेवले होते. आपल्या घरापुरतंच बोलायचं. कुठेतरी कुणीतरी केलेल्या गोष्टीचा जाब समोर बसलेल्याला विचारायचा नाही. मोबाइलवर फिरत आलेला मेसेज पुरावा म्हणून चालणार नाही. रेकॉर्डिंग नाही. कुणी 'आज नको' म्हटलं, तर त्यावर 'काहून?' करायचं नाही.

एक प्रसंग सविस्तर लिहिते. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलानं मोमिनपुऱ्यातून येणाऱ्या मुलाला विचारलं, "तुमच्यात बहिणीशीच लग्न करतेत म्हणे, खरं हाय का?" खोली गप्प झाली. प्रश्नात टोचणी होती, ती सगळ्यांना कळली. ज्याला विचारलं त्याचा चेहरा उतरला. मी बोलणार होते, पण त्यानंच हात वर केला. म्हणाला, "सख्ख्या बहिणीशी नाही होत. चाचाच्या, मामाच्या, खालाच्या पोरीशी होऊ शकते. होतेच असं नाही. माझ्या अम्मी-अब्बांचं नात्यात नाही झालेलं, आन् माझ्या भावानं तर घरी साफ नाही सांगितलं." तेवढ्यात उमरेडकडून येणारी एक मुलगी बोलली, "माह्या आजीचं लगन तिच्या मामाच्या पोराशीच झालं होतं. आमच्याकडं तर मामाच्या पोरीवर हक्क सांगतेत." मग ज्यानं प्रश्न विचारला होता त्यालाच आठवलं की त्याच्या काकानंही मामाचीच मुलगी केली आहे. पुढचा सगळा वेळ चुलत का चालत नाही आणि मामेबहीण का चालते, गोत्र म्हणजे काय, महर (निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम) कुणी कुणाला द्यायचा, हुंडा कुणाकडे किती मागतात, यावर गेला. मध्ये दोनदा आवाज चढले. एका मुलीनं 'आज नको' म्हटलं आणि तिला कुणी छेडलं नाही. ती दोघं मुलं जिवलग मित्र झाली, असं मी सांगणार नाही. पुढच्या शनिवारी दोघंही आली.

त्या मुलाच्या मनात तो प्रश्न शाळेपासून असणार. आजवर त्याला उत्तर मिळालं ते कट्ट्यावर आणि मोबाइलवर, जिथे समोर उत्तर देणारा माणूस नसतो. परिपत्रकानं तो प्रश्न पुसला गेलेला नाही. तो पुन्हा त्याच कट्ट्यावर गेला आहे.

आता माझा यात काय संबंध, तेही सांगते. मी महालात राहते. १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी आमच्या भागात दगडफेक आणि जाळपोळ झाली. धार्मिक मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा पसरली होती. शहरातल्या अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, ती पूर्ण उठायला २३ मार्च उजाडला. जखमी झालेल्या एका माणसाचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला. त्या रात्री आम्ही पुढच्या खोलीतले दिवे घालवून सासूबाईंना मागच्या खोलीत बसवलं होतं. बाहेरच्या आवाजापेक्षा मला फोनची जास्त धास्ती वाटत होती. दर मिनिटाला एक नवा व्हिडिओ, कुठला, कधीचा, काही पत्ता नाही. शनिवारच्या मुलांचाही एक ग्रुप होता. त्यात एकानं असाच व्हिडिओ टाकला. दुसऱ्यानं लगेच लिहिलं, "नियम आठव. कुठून आला ते सांग, नाहीतर काढ." त्यानं काढला. मग हंसापुरीतल्या मुलीनं महालातल्या मुलीला विचारलं, "तुझ्याकडे सगळे घरी आहेत का?" या तासानं दंगल थांबली असती, असा माझा मुळीच दावा नाही. पंधरा-वीस मुलांचा तो तास. पण त्या रात्री एकमेकांना हा प्रश्न विचारण्याइतका विश्वास त्या मुलांमध्ये होता, आणि तो शनिवार-शनिवार बसून आला होता.

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडते.

पहिली. निर्णय घेताना कुणालाही विचारलं नाही. एका पालकानं तक्रार केली, 'आमच्या मुलीला दुसऱ्यांचा धर्म शिकवतात', एवढंच मला तोंडी सांगण्यात आलं. तक्रार लेखी आहे का, कुणाची आहे, हे कळलं नाही. त्या पालकांना भेटून आमच्यासोबत एक शनिवार बसायला बोलवावं, अशी माझी विनंती होती. ती पुढे गेलीच नाही. तासाला येणाऱ्या मुलांचंही कुणी ऐकलं नाही. त्या पालकांची काळजी खोटी असेल असं मी म्हणत नाही. आपलं लेकरू आपल्यापासून दुरावेल ही भीती कुठल्याही आईबापाला वाटते. पण त्या भीतीला उत्तर द्यायला हवं होतं, आणि ते आमच्याकडे होतं. त्या खोलीत कुणीच कुणाचा धर्म शिकवत नव्हतं. उलट, समोरच्यानं विचारल्यावर आपल्याला आपल्याच घरचं नीट सांगता येत नाही हे कळून कितीतरी मुलं आजीआजोबांना विचारून आली. इंदोऱ्यातल्या एका मुलीला मैत्रिणीनं विचारलं होतं, "तू गणपतीच्या आरतीला का थांबत नाहीस? एवढा राग कशाचा?" तिला त्या दिवशी धड उत्तर देता आलं नाही. पुढच्या शनिवारी ती आजोबांशी बोलून आली. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते दीक्षाभूमीवर होते, वडिलांच्या खांद्यावर. धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा (गणपतीची उपासना न करणं हे त्यांतच येतं) म्हणजे काय आणि त्या घरात कशा पाळल्या जातात, हे तिनं इतकं शांतपणे सांगितलं की विचारणारी मुलगी म्हणाली, "मला वाटत होतं तू मला टाळून राहिली." राग नव्हता, निष्ठा होती. हे त्या मुलीला कोण सांगणार होतं?

दुसरी तक्रार कायद्याच्या नावाखाली दिलेल्या कारणाबद्दल. 'शिक्षणसंस्थेत धर्माबद्दल बोलणं घटनेला धरून नाही' असं मला ऐकवण्यात आलं. संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये काय आहे ते कृपया वाचावं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देऊ नये, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या वा पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवू नये, असं ते कलम सांगतं. धर्मांविषयी शिकणं, बोलणं, समजून घेणं याला त्यात मनाई नाही. शालेय अभ्यासक्रमाबाबतच्या अरुणा रॉय यांच्या २००२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हाच फरक स्पष्ट केला आहे. त्याआधी १९९९ मध्ये आपल्याच महाराष्ट्राच्या शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनं विद्यार्थ्यांना सर्व धर्मांची मूलतत्त्वं कळावीत, अशी शिफारस केली होती. आणि अनुच्छेद ५१ क तर धर्म, भाषा, प्रदेश यांच्या भेदांपलीकडे जाऊन बंधुभाव वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवतो. कर्तव्य पार पाडायची जागाच ठेवायची नाही, हे कुठल्या कलमात बसतं?

तिसरी. या विषयाचा आपण फक्त समारंभ करतो. २० ऑगस्टला सद्भावना शपथ होते, फोटो निघतो, तो वर्तमानपत्रात जातो. वर्षातून एकदा कुणीतरी मोठे वक्ते येऊन सर्वधर्मसमभावावर तासभर बोलतात आणि मुलं मागच्या बाकांवर बसून मोबाइल बघतात. सगळ्या धर्मांच्या सणांची प्रश्नमंजूषाही होते. यातलं काहीच वाईट नाही. पण माहिती असणं आणि बोलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडलं की दोन गटांची माणसं नुसती एका ठिकाणी आणून बसवल्यानं पूर्वग्रह जात नाहीत. त्यांचा दर्जा त्या जागी समान हवा, काम एक हवं, ते मिळून करायला हवं, आणि मुख्य म्हणजे वरच्या अधिकाऱ्यांचा त्याला उघड पाठिंबा हवा. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप या दोन अभ्यासकांनी २००६ साली पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. अशा भेटीगाठींनी पूर्वग्रह कमी होतात, हे त्यातून पक्कं झालं. नंतर त्यांनीच दाखवलं की फरक पडतो तो समोरच्याबद्दलची माहिती वाढल्यानं फार नाही. त्याच्याशी बोलायची धास्ती कमी होते आणि त्याच्या जागी स्वतःला ठेवता येतं, तेव्हा जास्त पडतो. आमच्या खोलीत तेच होत होतं. आणि ऑलपोर्टच्या यादीतली शेवटची अट, अधिकाऱ्यांचा पाठिंबा, ती तुमच्या हातात होती.

चौथी तक्रार मार्च २०२५ नंतरच्या शांततेची आहे. संचारबंदी उठली, मुलं परत आली, आणि वर्गांत जणू काही घडलंच नव्हतं. कुठल्याही सभागृहात मुलांना बोलावून 'तुम्ही कसे आहात' असं कुणी विचारलं नाही. महालातला मुलगा आणि मोमिनपुऱ्यातला मुलगा एकाच प्रयोगशाळेत बाजूबाजूला उभे राहायचे आणि परीक्षानळीशिवाय दुसऱ्या कशाबद्दल बोलायचे नाहीत. पत्ता विचारला तर मुलं आपल्या मोहल्ल्याचं नाव टाळून नुसतं 'सीताबर्डीजवळ' सांगू लागली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पाचवी, थोडक्यात. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकानं असं काही सुरू केलं तर त्याच्या मागे कुणीच उभं राहत नाही. पुढच्या वर्षी नेमणूक होईल का, हाच पहिला विचार मनात येतो. माझ्याही येतो आहे. हे पत्र लिहिताना येतो आहे.

आपली अडचण मला समजत नाही असं नाही. कुणीतरी तासातला अर्धा मिनिट मोबाइलवर टिपेल, तो गावभर फिरेल, दारात मोर्चा येईल, पोलीस येतील, संस्थेची बदनामी होईल, ही भीती खरी आहे. अशा गोष्टी घडतात. पण यावर उपाय आहेत आणि ते महाराष्ट्रातच करून झालेले आहेत. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. प्रत्येक मोहल्ल्यात दोन्ही समाजांची माणसं, त्यांत यंत्रमागावर काम करणारेही, नियमित एकत्र बसायची. तणाव असो वा नसो, बसायचीच. पाणी, कचरा, भांडणं, सगळं त्या बैठकीत यायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तिथल्या अधिकाऱ्यानं बोलण्याची भीती धरली नाही. त्यानं बोलायला जागा, वेळ आणि जबाबदार माणूस दिला.

आणि आपण कुठल्या शहरात राहतो? गोंड राजा बख्त बुलंद शाहनं १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवलं. देवगडचा हा राजा औरंगजेबाच्या दरबारी मुसलमान झाला होता आणि तरी गोंडांचा राजा राहिला. १९०८ साली भोसल्यांच्या रघुजी राजांनी सूफी संत ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून आपल्या शकरदऱ्याच्या वाड्यात आणलं. आजही ताजबागला, बाबांच्या दर्ग्यावर, कोण कोण जातं हे तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्यापैकी काही जण स्वतः जात असतील. रामनवमीला पोद्दारेश्वर मंदिराची शोभायात्रा निघते तेव्हा वाटेत मुसलमान मंडळी पाणी घेऊन उभी असतात. दसऱ्याला एकाच दिवशी दीक्षाभूमीवर लाखो लोक आणि रेशीमबागेत संघाचे स्वयंसेवक जमतात. जरीपटक्यात सिंधी आहेत, माघ पौर्णिमेला कचारगडच्या जत्रेला जाणारी गोंड मुलं आपल्या वसतिगृहांत राहतात. इतकं सगळं असलेल्या शहरातलं पोरगं वीस वर्षांचं होईपर्यंत दुसऱ्या धर्माच्या वर्गमित्राला एक प्रश्न धड विचारू शकत नाही. पुढे हीच मुलं दुकान चालवतील, बँकेत बसतील, रुग्ण तपासतील, पोलिसात भरती होतील. पोलिसाच्या गणवेशात पहिल्यांदा दुसऱ्या मोहल्ल्यात पाऊल टाकण्यापेक्षा ते वर्गात असताना टाकलेलं बरं, असं मला वाटतं.

हे बोलणं रियाजासारखं आहे, हेही सांगायला हवं. सुरुवातीला मुलं अडखळतात, चुकीचं बोलतात, एखादी रडते. मार्गदर्शन करणारा शिक्षक तयार नसेल तर नुकसानही होऊ शकतं. विशेषतः वर्गात एकटीच असलेल्या मुस्लिम मुलीला, एकट्याच असलेल्या आदिवासी मुलाला, सगळ्यांनी आपापल्या समाजाचा प्रवक्ता करून टाकायचं, हा धोका मोठा आहे. त्यांच्यावर उत्तरं द्यायची सक्ती असता कामा नये. म्हणूनच 'आज नको' हा नियम होता, आणि म्हणूनच मी सरसकट सगळ्या वर्गांत हे सक्तीनं सुरू करा, असं म्हणत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. चर्चेवर सरसकट बंदी घालणारं परिपत्रक मागे घ्यावं. जिथे ती बंदी तोंडी आहे, तिथे ती नाही असं लेखी कळवावं.

२. आठवड्यातून एक तास, ऐच्छिक, वेळापत्रकात छापलेला, ठरलेल्या खोलीत. वेळापत्रकात असेल तर तो चोरून केल्यासारखा राहत नाही, आणि उद्या कुणी विचारलं तर संस्थेला उत्तर देता येतं.

३. प्रत्येक महाविद्यालयातल्या निदान दोन शिक्षकांना, शक्यतो वेगवेगळ्या समाजांतल्या, संवाद कसा चालवायचा याचं प्रशिक्षण. आपल्या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे, ज्यांनी गावोगावी सर्व धर्मांच्या लोकांना एका सामुदायिक प्रार्थनेला बसवलं. विद्यापीठानं हे काम हाती घ्यावं.

४. तक्रार आल्यास ती लेखी घ्यावी, दोन्ही बाजू ऐकाव्यात, आणि निर्णय होईपर्यंत तास चालू ठेवावा. तक्रार करणाऱ्या पालकांना एकदा येऊन बसायचं निमंत्रण द्यावं. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची पुढची नेमणूक या कारणानं अडवू नये.

५. शहरात तणाव झाला तर महाविद्यालय उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात मुलांना एकत्र बोलवावं. भाषण नको. कोण कसं आहे, कुणाला यायला-जायला अडचण आहे का, कुणाची परीक्षा बुडाली का, एवढं विचारावं आणि त्यावर काय केलं ते सांगावं.

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. खोली आहे, फळा आहे, मुलं तयार आहेत. परिपत्रक लागल्यानंतरही त्यांतली काही मुलं मला विचारतात, "मॅडम, शनिवार कधी?" मी त्यांना अजून तारीख दिलेली नाही.

आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि त्यात मला, तासाला येणाऱ्या मुलांपैकी दोघातिघांना आणि त्यांच्या पालकांना बोलवावं, ही विनंती. तक्रार करणारे पालक आले तर उत्तमच, मी त्यांच्याच शेजारी बसेन. मुलांनी केलेल्या नियमांची प्रत बैठकीला आणते. त्यात काही कमी-जास्त करायचं असेल तर ते आपण सगळ्यांनी तिथेच ठरवावं.

आपली,
समाजशास्त्राची एक शिक्षिका
महाल, नागपूर